उसवलेला किमोनो वाचायचा कसा

मागे जपानला गेले होते तेव्हा एका म्युझियममध्ये खास एक जुना किमोनो बघायला म्हणून गेले, म्हणजे अगदी नाव-बिव शोधून, दोन ट्रेन बदलून, आणि तिकीट काढून आत गेल्यावर कळलं की तो कोठीत परत गेलाय, ह्या वर्षीचे त्याचे बाहेर राहायचे दिवस संपले. त्याच्या जागी होता एक सोनेरी पडदा, घडीचा, दोन पाखांचा, आणि त्यावर चिकटवलेली एक बाही, अर्धी पाठ आणि खाली थोडासा घेर. मनात आलं, हे काय, चिंध्या लावून ठेवल्यात! मग पाय दुखत होते म्हणून समोरच्या बाकावर बसले आणि बसल्या बसल्या त्या चिंध्यांकडे बघत राहिले, आणि अख्ख्या किमोनोत दिसलं नसतं ते त्यात दिसायला लागलं. मी ह्यातली पंडित नाही, पण तेव्हापासून वाचून वाचून जे कळलंय ते सांगते.

आधी नावाचा घोळ. किमोनो ह्या शब्दाचा अर्थ नुसता 'अंगात घालायची वस्तू'. म्युझियमच्या पाटीवर जुन्या कपड्याला बहुतेक वेळा 'कोसोदे' लिहिलेलं असतं, म्हणजे 'छोटी बाही'. आता समोरची बाही चांगली हातभर लोंबत असते आणि पाटी म्हणते छोटी, तर छोटी असते ती मनगटाशी हात बाहेर काढायची फट. हेइआन काळात, म्हणजे ७९४ ते ११८५ मध्ये, दरबारातले लोक थरावर थर घालायचे, वरच्या झग्यांच्या बाह्या सताड उघड्या, आणि कोसोदे असायचा सगळ्यात आत, अंगालगत. पुढे वरचे थर गळत गेले आणि १६व्या शतकापर्यंत हा आतला कपडाच बाहेरचा झाला. टी-शर्टचं झालं तसंच म्हणा ना.

आता खरी गंमत, कापड बेतण्याची. एका किमोनोला एक ताका लागतो, पन्हा साधारण ३६ ते ३८ सेंटीमीटर, लांबी साधारण १२ मीटर. त्याचे तुकडे करतात आठ. दोन लांब पट्टे अंगाचे, दोन बाह्या, पुढे एकावर एक येणाऱ्या दोन अरुंद पट्ट्या, एक गळपट्टी आणि तिच्यावर चढवायची अजून एक. सगळी कापाकापी सरळ रेषेत. मुंढा नाही, गळ्याचा गोल नाही, कंबरेला चिमटे नाहीत. माप लहान करायचं तर जास्तीचं कापड शिवणीत आत दाबून टाकायचं, कापायचं नाही, त्यामुळे टेलरकडे कचराच उरत नाही. आपण साडी शिवत नाही म्हणून तिचं कापड अख्खं राहतं, ह्यांनी शिवूनसुद्धा कापड जवळपास अख्खं ठेवलंय.

म्हणूनच किमोनो धुवायची जुनी पद्धत ऐकून मी चाटच पडले. आधी सगळा उसवायचा, मग ते आठ तुकडे परत एकाला एक जोडून पुन्हा लांबच लांब ताका करायचा, तो धुवायचा, खळ लावायची, ताणून वाळवायचा, आणि मग परत शिवायचा. शिवण हाताची, साधा धावदोरा, मुद्दाम सहज निघेल अशी. म्हणजे एकच कापड आयुष्यात कितीतरी वेळा उसवलं जाणार, आईचं लेकीच्या मापाला होणार, मोठ्याचं पोराचं होणार, बाहेरच्याचं अस्तर होणार. आणि प्रत्येक वेळी मागे काहीतरी खूण राहणार: जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग, शिवणीच्या दाबात लपलेली आणि म्हणून न विटलेली बोटभर पट्टी, घडीची रेघ.

तर म्युझियमवाले लोक वाचतात ते हे. समोर दिसणारा आकार बऱ्याचदा शेवटच्या मालकाचा असतो, पहिल्याचा नव्हे. १६व्या शतकातल्या कोसोदेचं अंग चांगलं रुंद आणि बाही एकदम अरुंद असायची, नंतर नंतर अंग अरुंद होत गेलं आणि बाही रुंद. म्हणजे एखाद्या कापडावरची नक्षी जुन्या वळणाची आहे पण कपड्याचं माप नंतरचं आहे, तर समजायचं, मधे कोणीतरी हा उसवून शिवलाय. नक्षीतली फांदी शिवणीपाशी येऊन अचानक तुटते आणि पलीकडे भलतंच फूल सुरू होतं, तिथेही तोच संशय. कारण भारी कोसोदेवर नक्षी काढायची पद्धतच अशी होती की पांढरं कापड आधी कच्चं टाचून कपड्याच्या आकाराचं करायचं, त्यावर एका फुलाच्या निळ्या रसाने चित्र काढायचं (हा निळा पाण्याने साफ निघून जातो), मग सगळं उसवून सपाट कापड रंगवायचं आणि शेवटी परत जोडायचं. खांद्यावर शिवण नाही, पुढचं-मागचं एकच लांब पट्टा, त्यामुळे पाठीवर सरळ दिसणारं झाड पुढे उलटं लटकणार नाही ह्याचा हिशोब आधीच करायला लागतो. एवढा हिशोब करणारा माणूस शिवणीवर फांदी तोडेल का? नाही तोडणार. म्हणजे नंतरचा कोणीतरी आहे.

ही उसवाउसवी घरात थांबायची नाही. घरातली बाई गेली की तिचा चांगला कोसोदे बौद्ध देवळात दान द्यायची रीत होती. देवळात त्याचा कपडा म्हणून काही उपयोग नाही, मग तो उसवून त्याचं देवासमोरच्या चौरंगावर घालायचं चौकोनी वस्त्र करायचे, त्याला 'उचिशिकी' म्हणतात, किंवा पताका, किंवा भिक्षूच्या अंगावरचं 'केसा'. हे केसा म्हणजे आपलं काषाय वस्त्र बरं का, शब्द संस्कृतातला, चीनमार्गे तिकडे गेलेला, आणि तुकडे जोडून शिवायची पद्धतही बुद्धाच्या भिक्षूंची. आजीच्या लुगड्याची गोधडी होते, त्यात तिचा वास असतो वगैरे आपण म्हणतो, इथे पुण्याची भर. संशोधकांचं नशीब असं की काही उचिशिकींच्या मागे अस्तरावर शाईने लिहिलेलं असतं, कोणाच्या नावाने दान, कुठल्या साली. अंगावरच्या कपड्यावर तारीख कोण लिहितं? चौकोन झाल्यामुळे त्याला जन्मदाखला नसला तरी मृत्यूचा दाखला मिळाला. मग तो चौकोन टेबलावर पसरून, भोकांच्या रांगा आणि घड्या मोजून, कागदावर परत कोसोदे उभा करतात: ही बाही, हा डावा खांदा, हा तुकडा गहाळ.

आता माझ्या त्या सोनेरी पडद्याची गोष्ट. नोमुरा शोजिरो म्हणून क्योतोचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी होता, १८७९ ते १९४३. त्याला जुन्या कोसोदेंचं वेड. अख्खे मिळाले ते अख्खे ठेवले, पण तुकडे ढिगाने. त्या तुकड्यांचं काय करावं, तर त्याने दोन पाखांचे पडदे बनवून घेतले आणि त्यावर तुकडे असे चिकटवले की लाकडी दांडीवर कोसोदे वाळत घातलाय असं वाटावं. असे १०० पडदे. ते आज चिबा प्रांतातल्या साकुरा शहरात, राष्ट्रीय जपानी इतिहास म्युझियममध्ये आहेत. कल्पना त्याची एकट्याची नव्हे, जपानी चित्रकलेत 'तागासोदे' नावाचा प्रकारच आहे, अर्थ 'कोणाच्या ह्या बाह्या?'. नुसते दांडीवर टाकलेले कपडे रंगवायचे, माणूस कुठेच नाही, आणि बघणाऱ्याने मनात त्या बाईला उभं करायचं. नोमुराने चित्रातल्या कपड्याच्या जागी खरा कपडा लावला.

मला विचाराल तर हे चांगलंही केलं आणि वाईटही. एकदा चिकटवलं की मागची बाजू गेली, शिवणीचा दाब गेला, कुठला तुकडा खरंच खांद्याचा आणि कुठला त्याने डिझाइन जुळवायला खांद्यावर नेला हे सांगणं अवघड झालं. पण चिकटवलं नसतं तर हे तुकडे कोणाच्या बटव्याचं अस्तर होऊन संपले असते ह्याची मला जास्त खात्री वाटते. आणि तुकड्याला किंमत द्यायची ही सवय जपानमध्ये फार जुनी आहे. नारामधल्या शोसोइन ह्या कोठारात सम्राट शोमू वारल्यावर त्याच्या राणीने ७५६ साली त्याच्या वस्तू ठेवायला दिल्या, त्यात आणि नंतर आलेल्या सामानात कापडं भरपूर, आणि त्यातल्या ज्यांचा अक्षरशः भुगा झालाय तो भुगासुद्धा टाकलेला नाही, शंभरहून जास्त वर्षं झाली, माणसं बसून तो निवडतायत. आपण तांदूळ निवडतो तसा.

बरं, पडद्यावरच्या त्या तुकड्याजवळ गेले तेव्हा दिसलं की फुलं आहेत, पानं आहेत, पण पानांच्या शिरा आणि फांद्या नुसत्या भोकांच्या रेघा. दोरा गायब. आधी वाटलं उंदीर-बिंदीर. तर नाही, तिथे काळा किंवा गडद तपकिरी दोरा होता आणि तो स्वतःलाच खाऊन गेला. जुना काळा रंग कसा करायचे, तर हिरड्यासारखं तुरट काहीतरी, म्हणजे टॅनिन, आणि त्यात लोखंडाचं पाणी. दोन्ही मिळालं की काळंकुट्ट. हिराकस घालून केलेलं पणजीच्या काळचं दातवण आठवा, जपानी बायकाही दात ह्याच केमिस्ट्रीने काळे करायच्या. दाताला चालतं, रेशमाला नाही. रेशीम म्हणजे प्रोटीन, आणि त्यात बसलेलं लोखंड हवेतल्या ऑक्सिजनला मदत करत करत त्या प्रोटीनच्या साखळ्या हळूहळू तोडत बसतं, शे-दोनशे वर्षांत दोऱ्याची भुकटी होते. म्हणून जुन्या कोसोदेत लाल, पांढरा, हिरवा भरतकामाचा धागा धडधाकट आणि काळा तेवढा झडलेला असं चित्र नेहमीचं. काळी जमीन असलेला कपडा असेल तर अख्खी जमीनच चाळण होते.

लाल रंगाचं दुखणं वेगळं. जपानी लाल, 'बेनी', म्हणजे आपली करडई! सोलापूर-मराठवाड्यात तेलासाठी लावतो तीच, तिच्या पाकळ्यांचा रंग. आपल्याकडे कुसुंबी म्हणतात तो हाच. पाकळ्यांत पिवळा भरपूर आणि लाल अगदी चिमूटभर, आणि पिवळा पाण्यात विरघळतो, लाल नाही. म्हणून आधी पाकळ्या धुऊन धुऊन पिवळा काढून टाकायचा, मग राखेच्या क्षारी पाण्यात लाल बाहेर काढायचा, मग आंबट काहीतरी घालून तो कापडावर बसवायचा. मेहनत इतकी की गडद लाल कोसोदे म्हणजे अंगावर पैसे घालून फिरणं. आणि एवढं करून हा रंग उजेडात टिकत नाही. आज म्युझियममध्ये फिकट नारिंगी-बिंगी दिसणारा कोसोदे बघून 'काय हे सोबर कलर, जपानी टेस्टच वेगळी' असं म्हणायचा मोह होतो, मी म्हटलंय, पण शिवण थोडी उघडून आत बघितलं तर दाबाच्या पट्टीत भडक लाल बसलेला असतो. ती सोबर टेस्ट निम्मी सूर्याची आहे.

मग पैसेवाले आणि सरकार ह्यांची भांडणं. १६५७ साली एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, भयंकर आग लागली, निम्म्याहून जास्त शहर जळालं, लोकांचे कपडे गेले. त्यानंतरच्या वर्षांत जे कोसोदे आले त्यांच्या पाठीवर एकच दणदणीत नक्षी, उजव्या खांद्यावरून सुरू होऊन खाली घेरापर्यंत वळसा, डावी कंबर चक्क रिकामी. १६६६ पासून अशा डिझाइनची छापील पुस्तकं निघायला लागली, दुकानात जाऊन बोट ठेवायचं, हे द्या. व्यापाऱ्यांच्या बायका सरदारांच्या बायकांपेक्षा भारी कपडे घालायला लागल्या म्हटल्यावर १६८३ मध्ये शोगुनने फतवा काढला की जरीचं कापड, भरतकाम आणि अंगभर 'कानोको' बंद. कानोको म्हणजे हरणाच्या पाडसाच्या अंगावरचे ठिपके, आणि हे म्हणजे आपली बांधणीच, कापडाची चिमटी धरून दोऱ्याने बांधायची, रंगात बुडवायची, सोडायची. एका कोसोदेवर अशा हजारो चिमट्या. फतवा निघाल्यावर लोकांनी काय केलं असेल? डुप्लिकेट. तेच ठिपके कागदी साच्याने छापून टाकले. खरं आणि छापील ओळखायचं तर कापड तिरक्या उजेडात धरतात, खऱ्याला पिळाच्या बारीक सुरकुत्या असतात आणि प्रत्येक ठिपका थोडा वाकडा, छापील ठिपके शाळेच्या रांगेसारखे. ह्याच सुमाराला क्योतोमधल्या मियाझाकी युझेन ह्या पंखे रंगवणाऱ्या माणसाच्या चित्रांची फॅशन आली आणि तांदळाच्या खळीची बारीक रेघ मारून तिच्या आत ब्रशने रंग भरायची पद्धत त्याच्या नावाने ओळखली जायला लागली. खळीची रेघ असल्यामुळे एक रंग दुसऱ्यात फुटत नाही. कायद्यात बसणारं आणि तरी दिमाखदार, अजून काय पाहिजे.

आणि हो, भारत. जपानमध्ये आपल्या कोरोमंडल किनाऱ्याकडचं छापील-रंगवलेलं सुती कापड पोर्तुगीज आणि मग डच जहाजांतून जायचं, त्याला 'सरासा' म्हणतात आणि चहाच्या समारंभातली भांडी ठेवायच्या पिशव्यांना वगैरे त्याचे वीतभर तुकडे जपून वापरायचे. हिकोनेच्या सरदार घराण्याकडे असे ४५० नमुने होते, ते आता टोकियो नॅशनल म्युझियममध्ये आहेत. पट्ट्यापट्ट्यांच्या एका सुती कापडाचं नाव 'सान्तोमे', ते चेन्नईच्या मैलापूरला पोर्तुगीज साओ तोमे म्हणायचे त्यावरून. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'चाउजिमा', पातळ हलकं रेशीम, नाव आलंय आपल्या अलिबागजवळच्या चौलवरून! पोर्तुगीजांनी तिकडे नेलेलं, मग १६८०च्या दशकात क्योतोचे विणकर स्वतःच तसं विणायला लागले आणि पुरुषांचे घेरदार पायघोळ हाकामा त्याचे शिवले जायचे. चौलमध्ये आज हिंडताना नारळी-पोफळी दिसतात, रेशीम काही दिसत नाही, नाव मात्र जपानी डिक्शनरीत जाऊन बसलंय.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं वाचायला लागले त्या प्रकारातला सगळ्यात नावाजलेला कोसोदे, टोकियो नॅशनल म्युझियममधला, 'फुयुकी कोसोदे'. पांढऱ्या रेशमावर ओगाता कोरिन ह्या चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढलेली शरदातली फुलं, शेवंती, घंटेच्या आकाराची निळी फुलं, गवताचे तुरे. ना खळ, ना साचा, सरळ ब्रश. कोरिन (१६५८ ते १७१६) हा क्योतोच्या कारिगानेया ह्या राजघराण्याला कपडे पुरवणाऱ्या दुकानदाराचा मुलगा, म्हणजे कापडातच वाढलेला, वडिलांचा पैसा उडवून झाल्यावर ब्रशवर पोट भरणारा. एदोला असताना लाकडाचे व्यापारी फुयुकी ह्यांच्या घरासाठी त्याने हा रंगवला. कंबरेपाशी, जिथे ओबी म्हणजे पट्टा गुंडाळला जाणार, तिथे चित्र विरळ केलंय, झाकलंच जाणार तर कशाला शाई घालवा. दुकानदाराच्या पोराचा हिशोब! मला त्या फुलांपेक्षा ही रिकामी कंबर जास्त आवडते.

तीनशे वर्षांत रेशीम दमलं. २०२१ मध्ये म्युझियमने लोकांकडून देणग्या गोळा करायची मोहीम काढली आणि दुरुस्ती हाती घेतली. असल्या दुरुस्तीत नवं करून दाखवायचं नसतंच. गरज पडेल तिथली शिवण उसवायची, फाटलेल्या भागाच्या मागे जुळत्या रंगात रंगवलेलं पातळ रेशीम ठेवायचं, आणि केसाएवढ्या दोऱ्याने जुन्या धाग्याला धक्का न लावता ते धरून ठेवायचं. पूर्वीच्या कोणी केलेली जाडीभरडी डागडुजी ओढ देत असेल तर ती काढायची, पण काढलेलं टाकायचं नाही, नोंद करून ठेवायचं, कारण तोही पुरावाच.

आणि आता ते 'दिवस'. उजेडाने झालेलं नुकसान भरून येत नाही आणि ते साचत जातं, आज १०० तास मंद उजेड आणि उद्या १०० तास, शरीराला लागते तशी झोप घेऊन कापड ताजंतवानं होत नाही. म्हणून काचेच्या पेटीत उजेड ठेवतात ५० लक्सच्या आसपास (ऑफिसात आपल्या टेबलावर ३०० ते ५०० असतो), आणि नाजूक रंगाच्या, महत्त्वाच्या कपड्यांना जपानमध्ये वर्षात साधारण ३० दिवसच बाहेर ठेवायचं असा दंडक आहे. उरलेले अकरा महिने कोठीत, किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या पेटीत, कागदात गुंडाळून. घडी घालायचीच तर घडीच्या आत मऊ गुंडाळी ठेवतात म्हणजे रेशमावर कडक रेघ पडत नाही, कारण रेशीम सगळ्यात आधी फाटतं ते घडीवर.

हे वाचलं तेव्हा हसू आलं. माझी आई दर दसऱ्याच्या आधी पैठण्या बाहेर काढते, सावलीत पसरते, आणि उलट्या बाजूने घडी घालून परत मलमलच्या फडक्यात बांधते, आणि आम्ही लहानपणापासून तिला 'किती उद्योग गं' म्हणत आलोय. जपानमध्येही पावसाळा सरला की कपडे बाहेर काढून वारा द्यायची पद्धत आहेच. पुढच्या वेळी मी जाईन तेव्हा आईला घेऊन जाणार आहे, आणि तिकीट काढायच्या आधी वेबसाइटवर तारखा बघणार आहे.